टेम्प्लेट सगळ्यांचं, जबाबदारी कोणाची?

या अंकात कविता असतील, ट्रेकची वर्णनं असतील, 'हॉस्टेलचे ते दिवस' छापाचे दोन-तीन लेख तर नक्कीच असतील. मी मात्र तुम्हाला नो ड्यूजच्या फॉर्मबद्दल सांगणार आहे. पान उलटू नका! विषय रुक्ष वाटला तरी गोष्ट आपल्याच कॉलेजातली आहे, आणि त्यातला गुन्हेगार प्रस्तुत लेखक स्वतः आहे.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी नो ड्यूज म्हणजे अकरा सह्या असायच्या. लायब्ररी, वर्कशॉप, लॅब, मेस, रेक्टर, जिमखाना... एक सर मिळाले की दुसरे रजेवर, दुसरे मिळाले की शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली घरी. डिपॉझिटच्या पैशांपेक्षा चपलाच जास्त झिजायच्या. मग आमच्या आधीच्या एका बॅचने प्रोजेक्ट म्हणून रिपोर्टिंगची सिस्टिम बसवली. रोल नंबर टाकला की एका पानावर चार चौकटी छापून यायच्या: लायब्ररी, मेस, लॅब, हॉस्टेल. ज्या चौकटीत काही बाकी असेल तिथे ओळी यायच्या, पुस्तकाचं नाव, दंडाची रक्कम वगैरे. बाकी नसेल तर चौकट कोरी. ऑफिसातले काका चारही चौकटी बघायचे, कोऱ्या असतील तर शिक्का मारायचे, की मुलगा मोकळा. सगळे खूश.

ही 'कोरी चौकट' लक्षात ठेवा. पुढे तीच नडली.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी टी.ई.ला होतो आणि सिस्टिम सांभाळणाऱ्या मुलांच्या टीममध्ये होतो. लायब्ररीतून एक तक्रार आली. रिमाइंडरच्या नोटिसा भलत्याच मुलांना जात होत्या. कारण सरळ होतं. रोल नंबर दर वर्षी बदलतो. एस.ई.ला एक, टी.ई.ला दुसरा. पी.आर.एन. मात्र शेवटपर्यंत तोच. तेव्हा लायब्ररीचा रिपोर्ट रोल नंबरऐवजी पी.आर.एन.वर चालवायचा, असं ठरलं. ठरलं ते बरोबरच होतं, हे मी आजही म्हणतो. रात्री जेवून आलो, लॅपटॉप उघडला, लायब्ररीच्या टेम्प्लेटमधला 'रोलनंबर' हा पॅरामीटर काढून 'पीआरएन' टाकला, क्वेरी बदलली, रिमाइंडरच्या रिपोर्टमध्येही तोच बदल केला, चालवून पाहिला. चोख! नोटिसा बरोबर मुलांच्या नावाने निघाल्या. बारा वाजायच्या आत झोपलो.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की लायब्ररीचं तेच टेम्प्लेट नो ड्यूजच्या रिपोर्टच्या पोटातही बसलेलं होतं.

डब्यात डबा

ज्यांनी रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाणकारांनी हा भाग सोडला तरी चालेल. (सोडू नये.)

रिपोर्ट म्हणजे डेटाबेसमधल्या ओळी कागदावर नीट मांडणं. मांडणीचा जो साचा असतो ते टेम्प्लेट. वर कॉलेजचं नाव आणि बोधचिन्ह, मध्ये मजकूर, खाली तारीख आणि पान क्रमांक. आता हे नाव आणि बोधचिन्ह प्रत्येक रिपोर्टमध्ये पुन्हा पुन्हा काढत बसण्यापेक्षा त्याचा एक छोटा साचा करायचा आणि मोठ्या साच्यात तो बसवायचा. यालाच सबरिपोर्ट म्हणतात. जॅस्पररिपोर्ट्स हे त्यातलं आपल्याकडे बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टमध्ये असणारं ओपन सोर्स साधन. 2001 साली तेओदोर दान्चू याने ते सुरू केलं. त्यात साचा एक्स.एम.एल.च्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे नोटपॅडमध्येही वाचता येतो. या साच्यात सबरिपोर्ट, त्या सबरिपोर्टमध्ये आणखी सबरिपोर्ट, असं आत आत जाता येतं. बाहेरचा रिपोर्ट आतल्याला काही किमती देतो, त्यांना पॅरामीटर म्हणायचं. म्हणजे आजी सुनेला किल्ल्या देते तसं. किल्ली बरोबर तर कपाट उघडणार.

माझ्या बाबतीत काय झालं बघा. नो ड्यूजचा मोठा रिपोर्ट लायब्ररीच्या सबरिपोर्टला 'रोलनंबर' नावाची किल्ली देतच राहिला. आतल्याला त्या नावाची किल्ली आता ओळखीचीच नव्हती. त्याने ती बाजूला ठेवली. भांडण नाही, एरर नाही. त्याला हवा होता 'पीआरएन', तो कोणी दिलाच नाही, म्हणून ती किंमत नल राहिली. एस.क्यू.एल.मध्ये 'पीआरएन बरोबर नल' ही अट कधीच खरी ठरत नाही, हे आपण सगळ्यांनी डी.बी.एम.एस.च्या पेपरात लिहिलेलं आहे. म्हणून क्वेरीतून शून्य ओळी आल्या. आणि ज्या सबरिपोर्टला एकही ओळ मिळत नाही तो, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, काहीच छापत नाही.

म्हणजे तीन पायऱ्या, आणि तिन्ही बिनआवाजाच्या. शेवटी कागदावर काय उरलं? कोरी चौकट. आणि आपल्या फॉर्मवर कोऱ्या चौकटीचा अर्थ काय? बाकी नाही.

चोर सोडून

हे नऊ दिवस चाललं. नेमके फायनल इयरवाले हॉस्टेल सोडून जायचे दिवस. लायब्ररीची पुस्तकं बाकी असलेल्या मुलांनाही कोरा फॉर्म मिळाला, शिक्का मिळाला, डिपॉझिट मिळालं. काही जणांना खरंच वाटलं असेल की आपण पुस्तकं परत केली होती. काहींना चांगलं ठाऊक असणार, पण गप्प बसले. त्यांचंही काय चुकलं म्हणा, कॉम्प्युटरच म्हणतोय बाकी नाही!

मग लायब्ररीत पुस्तकांची मोजदाद झाली. रिमाइंडरची यादी आणि नो ड्यूजचे फॉर्म समोरासमोर ठेवले गेले. एकाच दिवशी, एकाच मुलाच्या नावावर, एका कागदावर तीन पुस्तकं बाकी आणि दुसऱ्या कागदावर काहीच नाही. दुसऱ्या कागदावर शिक्का कुणाचा? काकांचा.

काकांकडे लेखी खुलासा मागितला गेला. काका कंत्राटी. त्यांची ऑर्डर दर वर्षी जूनच्या शेवटी पुढे वाढवली जाते. आणि कॅन्टीनमध्ये दोन दिवसांत पसरलं की काका चहापाण्यावर शिक्के मारतात. हे बोलणाऱ्यांत आपलेच मित्र होते. मीही त्या टेबलावर होतो, आणि हसलो होतो. लिहायला लाज वाटते, पण हसलो होतो.

आता सिस्टिमचा लॉग पाहा, त्यात कळेलच, असं कोणीतरी म्हणालं. लॉगमध्ये काय होतं? अमुक तारखेला, रात्री अकरा चाळीसला, 'ॲडमिन'ने टेम्प्लेट बदललं. ॲडमिन कोण? आम्ही टीममधले पाच जण ॲडमिन. लायब्ररीतले एक सर ॲडमिन. आणि रोज सकाळी फॉर्म छापायला बसणारे काका, तेही ॲडमिनच! एकच लॉगिन होतं. पासवर्ड कीबोर्डच्या खाली कागदावर चिकटवलेला. म्हणजे ज्या लॉगने काकांना सोडवायचं, त्याच लॉगने त्यांच्यावर आणखी एक बोट दाखवलं.

मला त्याच रात्री समजलं. तारीख ऐकली आणि पोटात गोळा आला. लॅपटॉप उघडून मोठा रिपोर्ट पाहिला, पाच मिनिटांत सगळं दिसलं. पण मी लगेच सांगितलं नाही. इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता, एच.ओ.डी. काय म्हणतील ही भीती होती. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ऑफिसवरून जाताना काका नेहमीच्या जागी दिसले नाहीत. तेव्हा मात्र थेट एच.ओ.डी. सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं.

सर रागावले, पण तेवढ्यापुरतं. खुलाशाचं प्रकरण मिटलं, काकांची ऑर्डरही वाढली. मी माफी मागायला गेलो तेव्हा काका एवढंच म्हणाले, "अरे बाळा, चूक होते रे. पण दोन दिवस आधी बोलला असतास तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या." या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणाल, तू निष्काळजी होतास, संपलं. मान्य. पण मला एकट्याला शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही. मी गेलो की माझ्या जागी दुसरा येईल, तोही रात्री जेवून आल्यावर लॅपटॉप उघडेल. माझं म्हणणं असं आहे की अनेकांच्या हातात असलेलं टेम्प्लेट ही हॉस्टेलच्या कॉमन बादलीसारखी वस्तू आहे. वापरतात सगळे, फुटली की कुणाचीच नसते. आणि याला उपाय तंत्राचा कमी, घरच्या शिस्तीचा जास्त आहे.

मग कॉपी करा की!

ही घटना घडल्यावर टीममधल्या बहुतेकांचं मत पडलं, की सबरिपोर्टची भानगडच नको. प्रत्येक रिपोर्टला लायब्ररीच्या टेम्प्लेटची स्वतःची कॉपी द्या. एकाने आपल्या कॉपीत काही केलं तरी दुसऱ्याचं बिघडणार नाही. ऐकायला छान आहे, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळे हेच करतो.

पण थोडं पुढे जाऊन बघा. समजा कॉलेज ऑटोनॉमस झालं. कागदाच्या वरच्या भागातली एक ओळ बदलायची. टेम्प्लेट एकच असेल तर एका जागी बदल, दोन मिनिटांचं काम. चौदा कॉप्या असतील तर चौदा जागी बदल, आणि त्यातल्या तीन हमखास राहणार. कुठल्या तीन, ते एखाद्या मुलाच्या ट्रान्सस्क्रिप्टवर परदेशातल्या युनिव्हर्सिटीने बोट ठेवलं की कळणार. कॉपी केल्याने चूक नाहीशी होत नाही, ती फक्त पसरते आणि उशिरा सापडते. माझी चूक नऊ दिवसांत सापडली, कारण टेम्प्लेट एक होतं आणि चूकही एकच होती.

मधला मार्गही लोकांनी काढलेला आहे. बर्ट नावाचं एक्लिप्सवालं साधन आहे, त्यात सामायिक भागांची 'लायब्ररी' करता येते आणि रिपोर्टमध्ये त्या भागाची एखादी गोष्ट आपल्यापुरती बदलताही येते. पण एकदा ती आपल्यापुरती बदलली, की तेवढ्या बाबतीत मूळ लायब्ररीतले पुढचे बदल आपल्यापर्यंत येत नाहीत. वाटणी झालेल्या भावासारखं आहे. आडनाव तेच राहतं, चूल वेगळी होते. हे वाईट नाही, पण कुणाची चूल कधी वेगळी झाली याची नोंद कुठेतरी पाहिजे ना!

किती आत जायचं?

दुसरं मत असं पडलं की नेस्टिंग फार वाढलंय, ते कमी करा. याच्याशी मी अर्धा सहमत आहे.

आधी वेगाचं बघू. नो ड्यूज सगळ्या फायनल इयरचे एकदम छापायचे म्हटले, समजा 240 मुलं, तर मोठ्या रिपोर्टची एक क्वेरी, आणि प्रत्येक मुलामागे चार सबरिपोर्टच्या चार. म्हणजे 1 + 960, एकूण 961. मेसच्या चौकटीत दहा महिन्यांच्या दहा ओळी असतील आणि प्रत्येक महिन्याच्या तपशिलासाठी आत आणखी एक सबरिपोर्ट असेल, तर वर 2400 क्वेऱ्या. झाल्या 3361. एवढ्यात चहा पिऊन येता येतं. खरं तर हे सगळं एक नीट जॉइन लिहून आणि ग्रुपिंग वापरून बरंचसं एका क्वेरीत बसतं. पण आम्हाला जॉइन लिहायचा कंटाळा, म्हणून डब्यात डबा.

वेगापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे डोक्यात किती मावतं. दोन पातळ्या असल्या की किल्ली कुणी कुणाला दिली हे माणूस लक्षात ठेवू शकतो. तिसऱ्या पातळीला तो अंदाज करायला लागतो. काही साधनांनी हा निर्णय स्वतःच घेतलाय. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये सबरिपोर्टच्या आत सबरिपोर्ट घालताच येत नाही, एकच पातळी. सेमिनार रिपोर्ट लॅटेकमध्ये लिहिणाऱ्यांना माहीत असेल, तिथेही 'इन्क्लूड'ने आणलेल्या फाइलमध्ये पुन्हा 'इन्क्लूड' चालत नाही. 'इनपुट' मात्र हवं तेवढं आत जातं. आपल्याला हे बंधन जाचक वाटतं. पण कधी कधी बंधन घालणाऱ्याने आपल्यापेक्षा जास्त रात्री जागून काढलेल्या असतात.

तरीही निव्वळ पातळ्या कमी करून माझी चूक टळली नसती. माझ्या प्रकरणात पातळी एकच होती! घोळ खोलीचा नव्हता, ओळखीचा होता. माझं टेम्प्लेट कोण कोण वापरतं हे मला माहीत नव्हतं, आणि टेम्प्लेट कोणी बदललं हे कुणालाच कळत नव्हतं.

माझं म्हणणं

तर आता, ज्याने खड्डा खणला त्यानेच पाटी लावावी, या न्यायाने काही गोष्टी सुचवतो. यातली एकही अवघड नाही. एकीलाही पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, ज्याचं त्याचं लॉगिन. सामायिक ॲडमिन बंद. यावर लगेच म्हणतात, "आम्ही काय चोर आहोत का?" अहो, स्वतंत्र लॉगिन चोर पकडण्यासाठी नसतं, संन्याशाला सोडवण्यासाठी असतं. काकांचं वेगळं लॉगिन असतं तर त्यांना खुलासा लिहावाच लागला नसता. टेम्प्लेटच्या फाइल साध्या मजकुराच्या असतात, तेव्हा त्या गिटमध्ये ठेवा. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिहिलेल्या या साधनात कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी एक आज्ञा आहे. तिचं नाव गमतीने 'ब्लेम' ठेवलेलं आहे. पण माझ्या अनुभवाने सांगतो, तिचा खरा उपयोग भलत्याला ब्लेम न करण्यासाठी होतो.

दुसरी गोष्ट, चालवण्याचा हक्क वेगळा आणि बदलण्याचा वेगळा. जॅस्परच्या सर्व्हरमध्ये ही सोय आहे. फोल्डरला किंवा एकेका फाइलला हक्क देता येतात: काहीच नाही, फक्त चालवणं, फक्त वाचणं, वाचणं आणि लिहिणं, पूर्ण कारभार. फोल्डरला दिलेला हक्क, वेगळं सांगितलं नाही तर, आतल्या सगळ्यांना लागू होतो. त्यातला 'फक्त चालवणं' हा प्रकार सबरिपोर्टसाठी फार कामाचा आहे. माणसाला ती फाइल यादीत दिसतही नाही, पण तो चालवत असलेल्या मोठ्या रिपोर्टला ती वापरता येते. ऑफिसला एवढंच पुरतं. आम्हा मुलांपैकीही सगळ्यांना लिहिण्याचा हक्क कशाला पाहिजे? दोघांना द्या, बाकीच्यांनी बदल सुचवावेत.

तिसरी गोष्ट, प्रत्येक सामायिक टेम्प्लेटला एक पालक. नाव लिहून. समिती नको, एक माणूस. आणि त्या टेम्प्लेटच्या सुरुवातीलाच टीप म्हणून लिहायचं, की हे अमुक अमुक रिपोर्टमध्ये वापरलेलं आहे. ही यादी जुनी होईल, हे मला मान्य आहे. म्हणून बदल करण्याआधी सगळ्या फोल्डरमध्ये त्या सबरिपोर्टचं नाव शोधायचं. एक्स.एम.एल. आहे, साधा शोध चालतो. मी ते केलं असतं तर पाच मिनिटं गेली असती.

चौथी गोष्ट, किल्लीचं नाव बदलायचं नाही. नवीन पॅरामीटर हवा तर जुन्याच्या शेजारी घाला. पी.आर.एन. आला तर तो वापरा, नाही आला तर जुन्या पद्धतीने रोल नंबर वापरा. सगळे मोठे रिपोर्ट नव्या किल्लीवर आले, की मग जुनी काढा. घर बदलताना आपण आधी नव्या घरात सामान नेतो आणि मग जुन्याची किल्ली परत करतो. उलट केलं तर रात्र रस्त्यावर जाते.

पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. कोरी जागा म्हणजे शून्य, हा समज काढून टाका. बाकी नसेल तर तसं स्पष्ट छापा: 'बाकी पुस्तके 0, दंड 0 रुपये'. ओळी आल्या नाहीत तर काय छापायचं यासाठी साच्यात वेगळा भाग ठेवता येतो. पण तिथेही एक सावधगिरी हवी. 'शून्य बाकी' हे तेव्हाच छापा, जेव्हा मुलाची ओळख पटलेली आहे. पॅरामीटर नल असेल तर 'माहिती मिळाली नाही, शिक्का मारू नये' असं ठळक छापा. नाहीतर माझ्यासारख्याच्या कृपेने कोऱ्या चौकटीऐवजी छापील खोटं मिळेल, आणि ते अधिक वाईट.

सहावी गोष्ट, दहा ओळखीचे नंबर. ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत अशी दहा नावं ठरवून ठेवा, पाच बाकीवाली आणि पाच बिनबाकीवाली. बदल केला की ते टेम्प्लेट वापरणाऱ्या प्रत्येक रिपोर्टमध्ये ही दहा नावं चालवायची आणि आधीच्या कागदाशी ताडून बघायचं. मी तपासणी केली नव्हती असं नाही. पण मी बदललेलाच रिपोर्ट तपासला. गंमत सांगू? त्या रात्री माझ्या स्वतःच्या नावावर लायब्ररीची दोन पुस्तकं होती. माझाच नो ड्यूज काढून पाहिला असता तर तिथल्या तिथे समजलं असतं.

'एवढ्याशा कामाला?'

हे सगळं मी टीमच्या मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला सीनियरचा: "कॉलेजचा नो ड्यूज आहे, बँक नाही. एवढ्याशा कामाला एवढा थाटमाट?" याला उत्तर असं की काम एवढंसं आहे हे कोणाच्या बाजूने? आपल्या बाजूने ती एक चौकट आहे. काकांच्या बाजूने ती वर्षाची ऑर्डर होती. घरी पोहोचल्यावर 'परत ये आणि दंड भर' असा फोन ज्यांना गेला, त्यांच्या बाजूने एक एस.टी.चा प्रवास आणि घरच्यांसमोर खाली गेलेली मान होती. साचा बनवणारा आणि साच्याच्या कागदावर ज्याचं नाव येतं तो, हे दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. म्हणून तर काळजी बनवणाऱ्याने घ्यायची.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. टीम दर वर्षी बदलते. पालक पास होऊन निघून जातो, मग टेम्प्लेट पोरकं. बरोबर आहे. यासाठी माझी स्टाफला विनंती आहे. पालकत्व मुलाकडे राहू दे, पण त्याच्या नावासमोर एका कायम कर्मचाऱ्याचं किंवा सरांचं नाव हवं. आणि आपल्या नो ड्यूजच्या फॉर्मवर आणखी एक चौकट घाला: 'सिस्टिमची कामे पुढच्याकडे सोपवली'. टीममधल्या मुलाला ती चौकट भरल्याशिवाय डिपॉझिट मिळणार नाही. आणि हो, ती चौकट कोरी असेल तर शिक्का मारू नये!

यातलं काय झालं, काय राहिलं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. स्वतंत्र लॉगिन झाली. 'बाकी 0' छापायला लागलं. दहा नावांची यादी तयार आहे आणि दोन वेळा वापरली गेली, दुसऱ्या वेळी तिने मेसच्या टेम्प्लेटमधली एक चूक पकडलीही. पालकांच्या यादीत मात्र अजून अर्धी टेम्प्लेट बेवारस आहेत. कीबोर्डखालचा कागद मी स्वतः काढला, पण परवा तिथे नवीन कागद दिसला. त्यावर वायफायचा पासवर्ड होता, म्हणून सोडून दिला.

मी यंदा बी.ई.ला आहे. काही महिन्यांत मलाही तोच फॉर्म घेऊन त्याच खिडकीपाशी उभं राहायचंय. काका चारही चौकटी नीट वाचतील, मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघतील, हे मला आत्ताच दिसतंय. माझ्या लायब्ररीच्या चौकटीत तेव्हा 'बाकी 0' छापलेलं असेल, आणि ते खरं असेल. ती दोन पुस्तकं मी केव्हाच परत केली.

पटलं तर टीममध्ये या, बेवारस टेम्प्लेट बरीच आहेत. नाही पटलं तर वाद घालायला या. रात्री साडेआठ, मेस, खिडकीकडचं शेवटचं टेबल.

— बी.ई. (कॉम्प्युटर), मुलांचे वसतिगृह